मुळाशी पांढरं

४ फेब्रुवारी, सोमवार

आज हिच्या डोक्यात पांढरं सापडलं. एखाददुसरा केस असता तर थट्टा केली असती. सगळंच पांढरं! मुळाशी, पेराएवढंही नाही, पण डोकंभर. वर काळाभोर केस आणि खाली चुन्याची रेघ ओढल्यासारखं.

सोमवारी दुकान बंद असतं. स्वयंपाकघराच्या दारात उजेड चांगला येतो, तिथे स्टुलावर बसवून हिचे शेंडे कापतो. लग्न झाल्यापासून या डोक्याला दुसऱ्या कुणाची कात्री लागलेली नाही. तेवढी एकच मिरास आहे माझी.

ती म्हणाली, "पन्नाशी उलटली. आता काय जन्मभर काळेच राहणार?"

मी हो म्हटलं. पण माणूस असा पिकत नाही. आधी कानशिलं, मग कपाळाशी, केसाकेसाने पिकतो. मी हजामतीची पेटी घेऊन दारोदार फिरायचो तेव्हापासून डोकी बघतोय, आता तीन खुर्च्यांचा मालक झालो तरी बघतोच आहे — एका दमात पिकलेलं डोकं पाहिलं नाही. कात्री खाली ठेवली. अशा मनाने कात्री चालवली तर गिऱ्हाईकाचा कान जातो!

गेल्या वर्षी हिचं एक मूत्रपिंड काढलं, गाठीसकट. फुप्फुसात ठिपके राहिले. त्यासाठी रोज एक कॅप्सूल. आता हे काय नवीन?

५ फेब्रुवारी

ठकीला फोन केला. ठकी म्हणजे आमची लेक. परगावी प्रयोगशाळेत आहे, तिथे तिला मॅडम म्हणतात. पेशींवर औषधं घालायची आणि किती जगल्या, किती मेल्या ते बघायचं — हे तिचं काम. मी दुकानात सांगतो, "आमच्या मुलीला मारण्याचा पगार मिळतो." गिऱ्हाईक दचकतं. गालावर वस्तरा असला की जरा जास्तच.

ती हसलीच. म्हणाली, "बाबा, हे औषधाने होतंय. आजाराने नाही."

पेशीत म्हणे एन्झाईम असतात. शाळेच्या पुस्तकात विकर म्हणायचे, तेच. त्यातली काही नुसती निरोप पोचवायला बसलेली. बाहेरून सांगावा आला — जग, वाढ — की तो आत या हातातून त्या हातात. गाठीच्या पेशीत हा सांगावा थांबतच नाही. हिचं औषध म्हणजे त्या एन्झाईमला अडवणारं. इन्हिबिटर. निरोप्याच्या हातात काहीतरी कोंबून ठेवायचं, म्हणजे निरोप घ्यायला हात मोकळाच नाही.

"मग केसांचा काय गुन्हा?"

"केसाच्या मुळाशी रंग करणारी पेशी असते ना, तिलाही तसल्याच एका एन्झाईमचा निरोप लागतो. औषध तेही अडवतं. औषधाला कुठे कळतंय, कोण चोर आणि कोण साव."

फोन ठेवला आणि हिला म्हणालो, "अगं, पांढरं म्हणजे शुभ! औषध आत जाऊन कामाला लागलंय."

ती म्हणाली, "तुम्ही पहिलेच न्हावी असाल, बायको पिकली म्हणून नाचणारे."

११ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनीही मान डोलावली. "होतं काही जणांना. औषध अंगात पोचतंय एवढं नक्की."

येताना मी दोघांना उसाचा रस घेतला. हिला चव नाही लागली. "लोखंड चाटल्यासारखं लागतंय सगळं." तिचाही ग्लास मीच संपवला.

१२ फेब्रुवारी

दुसऱ्या खुर्चीवरचा डावखुरा — सगळं गाव त्याला याच नावाने ओळखतं — म्हणाला, "शेठ, वहिनींना रंग लावून देऊ का? आपल्याकडे पडलाय."

मी म्हटलं, "हात लावशील तर उजवाही राहणार नाही."

त्याला काय कळणार! सगळी दुनिया आमच्याकडे पांढऱ्याचं काळं करायला येते. मी मात्र घरी पांढऱ्याची राखण करतोय.

२५ फेब्रुवारी, सोमवार

भांग पाडून पाहिलं. पांढरंच. झकास.

१० मार्च

ठकी आली होती. जेवण झाल्यावर तिघं टेबलाशी बसलो. मी म्हटलं, "निरोप अडवला, ठीक. पण नुसता निरोप अडवून पेशी मरते कशी? मला कुणाचा फोन आला नाही तर मी काय मरतो?"

ठकी म्हणाली, "पेशी मरते. मरायची तयारी प्रत्येक पेशीत आधीपासून करून ठेवलेली असते, बाबा. हत्यारंसुद्धा आतच. आजूबाजूच्या पेशी 'जग' म्हणत राहतात म्हणून ती हत्यारं म्यानात. ते म्हणणं थांबलं की आपोआप बाहेर निघतात."

मग तिने मरण सांगितलं. मी पुष्कळ मरणं ऐकलीत खुर्चीमागे उभा राहून, पण असं नाही. पेशी आधी आक्रसते. मग आतलं सामान स्वतःच कापून काढते, त्याची लहान लहान गाठोडी बांधते. शेजारच्या पेशी ती गाठोडी उचलून नेतात. आरडाओरडा नाही, सांडलवंड नाही.

"आणि कॅन्सरची?"

"ती हे विसरते. तेच तर दुखणं आहे."

ही इतका वेळ भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे पेशीलासुद्धा कुणीतरी जग म्हणावं लागतं."

मी म्हटलं, "तुला तर मी रोज म्हणतो."

"तुम्ही म्हणत नाही हो, खेकसता. 'गोळी घेतलीस का?' "

सगळे हसलो. निघताना ठकी दारात मला म्हणाली, "बाबा, एक लक्षात ठेव. केसातली पेशी वेगळी, गाठीतली वेगळी. केस पांढरे म्हणजे गाठ आटली असं नसतं."

शिकलेल्या पोरी. आशेलासुद्धा तळटीप लावतात.

१ एप्रिल, सोमवार

पांढरं चांगलं वाढलंय. पण हात वाईट झालेत. तळवे लाल, बोटांच्या टोकांची सालं निघतात. टाचांचंही तेच. जमिनीवर पाय टेकला की निखाऱ्यावर ठेवल्यासारखं करते. औषधाचंच हे. डॉक्टरांनी मलम दिलंय.

ही कपडे उसवून बेताचे करून देते — कुणाची कंबर वाढली, कुणाचा बाप गेला आणि त्याचा कोट लेकाला हवाय. पुढच्या खोलीत हिचं मशीन. माझ्या दुकानात माणसं मोकळी होतात आणि हिच्या मशीनशी बायका. रात्री दोघांकडच्या बातम्या जुळवून बघायचो, वर्तमानपत्राची गरज नव्हती!

आज कात्री धरायला गेली आणि सोडून दिली. कात्रीच्या कडीला रक्त लागलं. तिने पदराने पुसलं. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

मग म्हणाली, "अहो, सगळं सोसेन. हात तेवढे हवे होते."

मी म्हटलं, "जीव आहे तर हात आहेत."

ती म्हणाली, "उलटंही आहे."

१९ एप्रिल

उद्या तपासणी, मोठ्या मशीनची. आणि आज माझ्या पाठीत उसण भरली. खुर्ची उचलायला गेलो — डावखुरा नको नको म्हणत होता. उताणा पडून लिहितोय. ठकी येते म्हणाली, ती नेईल आईला.

२० एप्रिल

दोघी दुपारी आल्या. मी आतून विचारलं, "काय म्हणाले?"

ही म्हणाली, "नेहमीचंच."

ठकी म्हणाली, "पाठ कशी आहे?"

माझी पाठ कशी आहे हे तिने पुन्हा दोनदा विचारलं. गुणाची आहे पोर.

२९ एप्रिल, सोमवार

हात सुधारले! मलम लागू पडलं. सालं निघायची थांबलीत. आज हिने आमटीची चव घेतली आणि म्हणाली, "मीठ जास्त झालंय." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी हिने माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली!

उसणीमुळे गेल्या सोमवारी केस पाहिले नाहीत. आजही वाकवत नाही. राहू दे. हातच सांगतायत.

८ मे

मशीन चालू. पुढच्या खोलीत बायका. कुणाची तरी सून पळून गेली, ती परतही आली, आणि आल्या आल्या ब्लाउज सैल करायला टाकून गेली म्हणे. मी आत बसून ऐकत होतो. वाटलं, बास, एवढं असलं की पुरे.

२० मे, सोमवार

काळं आहे.

मुळाशी काळं. त्यावर पांढरा पट्टा, त्यावर जुनं काळं.

पाठ मोकळी झाल्यावर आज पहिल्यांदाच वाकलो, दोनदा भांग बदलून पाहिलं. खिडकीशी नेऊन पाहिलं. ती म्हणाली, "काय शोधताय? उवा?"

मी म्हटलं, "शेंडे फुटलेत." आणि शेंडे कापले.

एवढी गोष्ट कुणालाही कळेल. औषध चालू — पांढरं. काळं म्हणजे औषध पोटात जात नाही. म्हणूनच हात बरे. म्हणूनच मीठ कळतंय. मलम कसलं नि काय! हिने गोळ्या सोडल्या. हातांसाठी जीव सोडला!

गिऱ्हाईकाशी वाद घालायचा नसतो, हात चालू ठेवायचा — याच्यावरच दुकान उभं केलं. पण आतून उकळतोय. मला न विचारता? निदान सांगायचं तरी.

२१ मे

ती शेजारी गेली तेव्हा शोधलं. मशीनच्या खणात, रिळांच्या खाली. अख्खी पाकिटं. फोडलेलीसुद्धा नाहीत.

ठकीला सांगू? ती आईशी भांडेल. डॉक्टरांना? ते हिच्यावर ओरडतील. ही एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी नाही. समोरून जाऊन जमणार नाही. बाजूने जायला हवं.

२२ मे

कॅप्सूल उघडली. आत पिवळी भुकटी — नारिंगीकडे झुकणारी. दुधात दिसेल. चहात दिसेल.

गाजराच्या सुपात दिसत नाही.

गाजरं उकडली, घोटली, मिरपूड जरा जास्त घातली. वाटी हातात दिली. म्हटलं, "आजपासून रोज घ्यायचं. डोळ्यांना चांगलं. सुई ओवायला उपयोगी."

तिने वाटीत पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग प्यायली. सगळं.

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

२७ मे, सोमवार

रोज पिते. कुरकुर नाही. वाटी धुवून ठेवते. मीच म्हणत होतो ना, माणूस ओळखायला शिकलं पाहिजे. डावखुऱ्याला म्हटलं, "घरातली भांडणं जिंकायची नसतात, वळवायची असतात." तो म्हणाला, "शेठ, आज फार खुशीत?"

७ जून

हिचे तळवे लाल दिसतायत.

१० जून, सोमवार

सालं निघायला लागली. आज वाटी दोन्ही हातांनी धरली, तीही फडक्यात गुंडाळून.

मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. हे मी करतोय. माझ्याच हाताने. पण मग दुसरं काय करू? हात गेले तर मी भरवीन. मी आंघोळ घालीन. मी बटणं लावीन. तिने नुसतं असावं. बाकीचं मी बघतो. एवढं मागणं फार आहे का?

मलम लावलं. ती म्हणाली, "किती हळू लावता! दुकानात असं केलंत तर दिवसाला एकच गिऱ्हाईक होईल."

१४ जून

आज मशीनवर चादर टाकली तिने. घडी नीट केली, कोपरे जुळवले. राहिलेले कपडे ज्याचे त्याला परत पाठवले.

१७ जून, सोमवार

मुळाशी पांढरं.

आनंद व्हायला हवा. झाला. थोडा झाला.

२९ जून

खोकला वाढलाय. जिना चढताना मध्ये थांबते. मी म्हटलं, हवा बदललीय. ती म्हणाली, "हो, हवाच."

सूप चालू.

७ जुलै, रविवार

ठकी अचानक आली. आईजवळ बसली, केसांवरून हात फिरवला — आणि हात तिथेच थांबला. मग तिने आईचे तळवे उलटे केले. मला म्हणाली, "बाबा, जरा दुकानात चल."

रविवारी दुकानात गर्दी. डावखुऱ्याला वाटलं मॅडमना केस कापायचेत, त्याने खुर्ची झटकली. ठकीने मला मागच्या खोलीत नेलं, टॉवेल वाळत असतात तिथे.

"आईला औषध कोण देतंय?"

मी म्हटलं, "मी. तिने सोडलं होतं. तुला माहीत नाही, तिने —"

"मला माहीत आहे. मीच सोबत होते."

मग तिने सांगितलं. एप्रिलच्या त्या तपासणीत ठिपके वाढलेले निघाले. दुपटीने. औषध लागू पडेनासं झालं होतं. पेशींनी दुसरी वाट काढली — एक एन्झाईम अडवलं की 'जग'चा सांगावा दुसऱ्याच्या हातून जातो. गाठीतल्या पेशी शिकल्या. केसातल्या बिचाऱ्या शिकल्या नाहीत, त्या तशाच अडून राहिल्या. म्हणून डोकं पांढरं आणि आत सगळं वाढत होतं. डॉक्टरांनीच औषध बंद केलं. दुसरं देता येईल का विचारलं, तर उरलेलं मूत्रपिंड झेपणार नाही म्हणाले. उगाच हातापायांचे हाल कशाला — निदान हे दिवस तरी बरे जातील.

"मला का नाही सांगितलं?"

ठकी रडायला लागली. "आईनेच नको म्हटलं. म्हणाली, ते सोमवारी भांग पाडतात आणि त्यांचा चेहरा खुलतो. आणखी थोडे सोमवार राहू देत त्यांना. मी सांगेन माझी मी."

डॉक्टर म्हणाले होते, औषध पोचतंय. लागू पडतंय असं नव्हते म्हणाले. जगाचं कुजबुजणं ऐकू येतं मला, कात्रीच्या आवाजातूनही. दोघी दारात आल्या आणि लेक तीनदा पाठीचं विचारते, ते नाही ऐकू आलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

बरे दिवस होते तिच्याकडे. हात होते, मीठ कळत होतं, मशीन चालू होतं. ते मी वाटी वाटीने काढून घेतले. आणि बदल्यात काहीही दिलं नाही. मोठा शहाणा! बाजूने जाणारा!

ठकी म्हणाली, "आईला तूच सांग. मी नाही सांगणार."

उद्या सांगतो. कसं सांगायचं ते माहीत नाही.

८ जुलै, सोमवार

सूप केलं नाही. ती म्हणाली, "का हो, गाजरं संपली?"

मी स्टूल ओढून समोर बसलो.

"बरं झालं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी तुमच्या अंगठ्याचं नख पिवळं दिसलं होतं मला."

"मग प्यायलीस कशाला?"

"स्वयंपाकघरात तुम्ही शीळ घालत होतात," ती म्हणाली. "ती बंद पडली असती."